मदत हवी आहे: बांबूचा आराखडा वन विभागाच्या कार्य आयोजनेशी कसा जोडायचा?

नमस्कार मंडळी,

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्कपत्र मिळालंय. तेंदूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करते, ते आता अंगवळणी पडलंय. अडलंय ते बांबूवर.

वन विभागाच्या कार्य आयोजनेत (जंगलात कुठे, कधी कटाई करायची याच्या त्यांच्या आराखड्यात) आमचे दोन कक्ष, म्हणजे जंगलाचे आखलेले भाग, यंदा कटाईला दाखवलेत. आम्हाला त्यातला एक तीन वर्षं राखायचाय. मागच्या कटाईत तिथली बेटं पार ओरबाडली गेली, नंतर फुटलेले वास्ते (कोवळे कोंब) गुरांनी खाल्ले. गावातल्या बाया म्हणतात, टोपल्यांपुरता चांगला बांबूही तिथे मिळत नाही. आमचा बांबूचा आराखडा घेऊन वन विभागाच्या कार्यालयात गेलो, तर ऐकायला मिळालं, "आधी आमची मंजुरी आणा."

आम्हाला भांडायचं नाहीये. वणवा लागला की वनरक्षकदादा रात्रीबेरात्री आमच्या पोरांबरोबर जंगलात असतात. पण जंगल दोघांनी मिळून सांभाळायचं, तर शेवटचा शब्द कुणाचा?

आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये असेच हक्क मिळूनही बांबू बाहेर नेण्याच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती यायला एप्रिल 2011 उजाडला, हे ठाऊक आहे. तेवढं थांबलो तर तो कक्ष हातचा जाईल. कुणाच्या ग्रामसभेने यातून वाट काढली असेल तर कृपया सांगा. बेटांची मोजणी कशी केलीत तेही लिहा.

प्रतिसाद:
दादा, वनहक्क कायद्याचे 2012 चे सुधारित नियम काढा. नियम 4(1) मधला एफ खंड बघा. आराखडा ग्रामसभेने नेमलेल्या समितीने करायचा, तो वन विभागाच्या आराखड्यांशी जोडायचाही समितीनेच आणि जोडताना कोणते बदल हवेत तेही समितीच ठरवणार. पुढच्या जी खंडात वाहतूक परवाने, विक्रीचं उत्पन्न आणि आराखड्यातले बदल यांवरच्या समितीच्या निर्णयांना ग्रामसभेची मंजुरी सांगितली आहे. तेव्हा ठराव करा, खंडांचा उल्लेख करून पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्यावर राहू नका.

मोजणीला सगळं जंगल पालथं घालायची गरज नाही. आम्ही प्रत्येक कक्षात थोडे नमुना तुकडे आखले आणि दर बेटात यंदाचे, गेल्या सालचे आणि जुने बांबू वेगळे मोजले. वनरक्षकांनाही बोलावलं, वहीत दोघांच्या सह्या घेतल्या. पुढे आकड्यांवरून वाद झाला नाही.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार. जी खंड आमच्या नजरेतून सुटला होता. ओरबाडलेल्या कक्षापासूनच मोजणी सुरू करतो. एका तुकड्याचं माप किती धरलं होतंत?