[मराठी शाळा] शिशुवर्गाला गिरवायचे कागद का नाहीत?

प्रेषक: सुजाता (शिशुवर्ग)
प्रति: सर्व पालक

नमस्कार मंडळी,

रविवारी वर्ग सुटल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, म्हणून इथेच सगळ्यांना उत्तर देते. हो, या सत्रात ठिपके जोडून अ-आ-इ-ई गिरवायच्या कागदांचा गठ्ठा घरी येणार नाही. विसरले नाहीये, मुद्दाम ठेवले नाहीत.

मुलं पाच-सहा वर्षांची. सोमवार ते शुक्रवार ती इथल्या अमेरिकन शाळेत पेन्सिल धरून बसतातच. आपल्याकडे ती आठवड्यातून दीड तास येतात, आणि त्यातली दहा मिनिटं जॅकेट काढण्यात जातात. गिरवायला दिलं की वर्ग कसा चिडीचूप होतो! शिक्षिकेला ते फार सोयीचं असतं, पण आपण पोरांना इथे आणतो ती मराठी बोलायला.

तर या सत्रात अक्षरं पाचच: क, म, न, ब, र. आणि सोबत काना. एवढ्यात काय होणार, असं वाटेल. जुळवून बघा: काका, मामा, नाना, बाबा, कान, नाक, मान, मका, बारा, काम, रान, बाक, कमान. वर्णमालेच्या क्रमाने गेलो तर दिवाळीपर्यंत आपण स्वरांतच असू आणि मुलाला वाचता येणारा शब्द येईल ‘आई’. छान शब्द आहे, पण एकटाच.

काना शिकवायला आइस्क्रीमची काडी. पुठ्ठ्यावर मोठा ‘क’, शेजारी काडी उभी केली की ‘का’. काडी उचलली की परत ‘क’. हे पोरांना जादूसारखं वाटतं आणि तीच एकमेकांना ‘काढ, लाव, काढ, लाव’ करत बसतात. मग चिठ्ठ्या: ‘नाक’ लिहिलेली चिठ्ठी वाचायची आणि आपल्या नाकावर चिकटवायची. ‘मान’ मानेवर. चुकली तर सगळ्यांना दिसतं, मला काही बोलावं लागत नाही.

अक्षरं बोटांना कळावीत म्हणून दोन गोष्टी करणार आहोत. एक, सँडपेपरची अक्षरं. हार्डवेअरच्या दुकानातला बारीक दाण्याचा कागद चालतो. कापताना मागच्या बाजूला अक्षर उलटं काढा, नाहीतर पुढून उलटा ‘क’ निघतो. तर्जनी आणि मधलं बोट अक्षरावरून फिरवायचं, ज्या दिशेने लिहितो त्याच दिशेने, शिरोरेघ शेवटी. दुसरं, ताटात रवा पसरून त्यात बोटाने लिहिणं. रव्यात चूक पुसायला खोडरबर लागत नाही, ताट हलवलं की झालं.

हवं आहे: कडा असलेली बेकिंगची ताटं, जुनी पुठ्ठ्याची खोकी, अंड्यांचे रिकामे ट्रे (बारा अंड्यांचे, पुठ्ठ्याचे), आइस्क्रीमच्या काड्या. आणि मदतीला दोन पालक.

सुजाता


प्रेषक: निखिल
विषय: उत्तर: गिरवायचे कागद

सुजाताताई,

तुमच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण जरा रोखठोक विचारतो. कमानीपर्यंत पोचलेलं माझं पोर डिसेंबरात पुण्याला गेल्यावर आजीला अ-आ-इ-ई म्हणून दाखवू शकेल का? आजी पहिल्यांदा तेच विचारणार. आम्ही सगळे पाटीवर गिरवूनच शिकलो आणि काही बिघडलं नाही.

दुसरं, गणिताचं काय? मागच्या वर्षी शंभरपर्यंत पाढ्यासारखे आकडे म्हणून घेत होते. यंदा त्याचा उल्लेखच नाही.

निखिल


प्रेषक: मृणाल
विषय: उत्तर: उत्तर: गिरवायचे कागद

फक्त एक सूचना. रवा म्हणजे गहू. आमच्या धाकटीला सीलिॲक आहे, म्हणजे गहू पोटात गेला की आतड्यांना त्रास होतो, आणि रवा हवेत उडतो, बोटांवरून तोंडात जातो. ताटात तांदळाची पिठी किंवा बारीक मीठ घ्या, प्लीज. मीठ घेतलंत तर बोटाला खरचटलेलं पोर बोंबलेल, हे लक्षात ठेवा. बाजारातला प्ले-डोही गव्हाचाच असतो. त्याऐवजी मी तांदळाची उकड मळून आणीन, मोदकांना करतो तशीच, मिठाचं प्रमाण थोडं जास्त. ओल्या फडक्याखाली ठेवली तर वर्गभर मऊ राहते. वळ्या करून ‘म’, ‘न’, ‘र’ छान होतात. ‘क’ आणि ‘ब’ला गोलात वळवावी लागते, तिथे मोठ्यांचा हात लागेल.

शेंगदाणे मोजायला कुणी आणू नयेत हे वेगळं सांगायला नकोच.

मृणाल


प्रेषक: वसंत (केतकीचे बाबा)
विषय: टाळ्या, चिंचोके वगैरे

सुजाताबाई यांस सप्रेम नमस्कार.

मुलीने मला या यादीत घातलं आहे. सहा महिने मुक्काम आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचे वर्ग आयुष्यभर घेतले, त्यामुळे न विचारता बोलण्याची खोड आहे.

तुमची पाच अक्षरं पसंत. पण शब्दांचा क्रम एकदा तपासून पाहा. मुलं शब्द तोडताना टाळी वाजवतात. ‘काका’ला दोन टाळ्या, अक्षरंही दोन. ‘मका’, ‘बारा’ तसंच. पण ‘कान’ला पोर एकच टाळी वाजवेल, आणि त्याचं चूक नाही. आपण ‘कान्’ असंच बोलतो. लिहिताना मात्र अक्षरं दोन. ‘कमान’ला टाळ्या दोन, क-मान, अक्षरं तीन. आपली जुनी पुस्तकं नळ, घर, बस यांनी सुरू होतात, कारण त्यांत काना-मात्रा नाही. डोळ्याला ते शब्द सोपे, कानाला अवघड. मुलाला ऐकू येतं एक आणि लिहायला सांगतो दोन, तिथे ते गोंधळतं, आणि आपण म्हणतो लक्ष नाही.

म्हणून आधी काका, मामा, नाना, बाबा. मग मका, बारा. ते पक्कं झालं की कान, नाक, मान. कमान सगळ्यांत शेवटी. ‘कान’च्या टप्प्यावर टाळी सोडून द्यायची आणि जमिनीवर दोन चौकोन आखायचे. एका उडीत ‘का’, दुसऱ्या उडीत ‘न’, आणि ‘न’ म्हणताना आवाज कमी. माझ्या वर्गात याला दबकी उडी म्हणत. पोरं ‘दबकी, दबकी’ ओरडत ‘न’वर पडायची.

निखिलराव, अ-आ-इ-ई गाऊन म्हणायला येणं आणि वाचता येणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. दोन्ही हवं असेल तर दोन्ही करा. जॅकेट काढताना तालात म्हणून घ्या, पंधरवड्यात पाठ होईल. आजीही खूश.

घरातल्या वस्तू घेऊन शिकवायचं, ही काही अमेरिकेतून आलेली कल्पना नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. मॉन्टेसरीची साधनं महाग, म्हणून तिथे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं. सोबत अनुताई वाघ होत्या. पुढे १९५७ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच पाड्यावर, अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची मूळ कल्पना त्यांचीच. तुमच्याकडे शिंपले नसतील, अंड्यांचे ट्रे आहेत. काम तेच.

आता गणित. चिंचोके आणा. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये बिया असलेली चिंच मिळते. धुऊन, वाळवून एक बाजू खरखरीत दगडावर घासली की आतला पांढरा गर दिसतो. एक बाजू काळी, एक पांढरी. सारीपाटाला आम्ही हेच फासे म्हणून वापरायचो. पाच चिंचोके मुठीत हलवून टाकायचे. ‘किती पांढरे?’ ‘तीन.’ ‘किती काळे?’ ‘दोन.’ ‘सगळे मिळून?’ इथे पहिल्या दिवशी पोर परत एक-दोन-तीन मोजतं. मोजू द्यावं. काही दिवसांनी ते तुमच्याकडे ‘असं काय विचारता’ म्हणून बघतं. तेव्हा सहा चिंचोके द्यावेत.

धाकट्या भावंडांपासून मात्र दूर ठेवा. तीन वर्षांखालचं पोर पहिल्यांदा तोंडात घालतं आणि तिसऱ्यांदा नाकात.

आपला,
वसंत


प्रेषक: केतकी
विषय: उत्तर: टाळ्या, चिंचोके वगैरे

बाबांनी सांगायच्या आधीच मेल टाकला, तेव्हा मी थोडक्यात.

मी इथल्या पब्लिक स्कूलमध्ये किंडरगार्टन शिकवते. बाबांचे पाच चिंचोके म्हणजे आमच्या वर्गातले लाल-पिवळे काउंटर. कॉमन कोअरमध्ये (इथल्या बऱ्याच राज्यांनी मिळून ठरवलेली, कुठल्या इयत्तेत काय यावं याची यादी) या वर्षात पाचपर्यंतची बेरीज-वजाबाकी सफाईने यावी, अकरा ते एकोणीस हे ‘दहा आणि वर काही’ असे कळावेत, आणि शंभरपर्यंत एकेकाने आणि दहा-दहाने मोजता यावं, असं आहे. म्हणजे गणिताची समज मुलांना आठवडाभर मिळतेच आहे. मराठी शाळेने तीच परत शिकवायची गरज नाही. समजलेल्या गोष्टीला मराठी शब्द द्यायचे, बस. निखिल, शंभरपर्यंत म्हणून घेणं मी तरी या वयाला करणार नाही. आपले मराठी आकडे मोठ्यांनाही चकवतात, चौपन्न की चव्वेचाळीस?

ट्रे बारा अंड्यांचे असतात, दोन खण कापले की दहाचा होतो. तो भरला की ‘दहा’. बाहेर एक चिंचोका ठेवला की ‘दहा आणि एक, अकरा’. दोन ठेवले की बारा. अठरापर्यंत असंच जातं. मग एकोणीस. तिथे उलटं करायचं: दोन ट्रे पूर्ण भरायचे, वीस झाले, आता एक उचल. वीसला एक कमी, एकोणीस. एकोणतीसही तसाच येतो, पण तो आपल्याला पुढच्या वर्षी. पोरांना हा उचलायचा भाग सगळ्यांत जास्त आवडतो, कारण उचललेला चिंचोका कोण ठेवून घेणार यावर भांडता येतं.

एका गोष्टीवर मात्र माझा आग्रह आहे. आकडे तोंडी मराठीत घ्या, लिहायला देवनागरी आकडे आत्ता नकोत. या वयात इंग्रजी 6 आणि 9 सुद्धा उलटेसुलटे होतात. त्यात आपला १ त्यांना नऊसारखा दिसतो आणि ४ आठसारखा. पुढच्या वर्षी आणू.

केतकी

ता. क. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक’, ‘वीस दोन’ आलं तेव्हा घरोघरी वाद झाला होता. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. बाबा विरोधात होते, मी बाजूने. तो वाद इथे सुरू करू नका, बाबा.


प्रेषक: वसंत (केतकीचे बाबा)

विरोधात नव्हतो. घाई नको एवढंच म्हणालो होतो.


प्रेषक: निखिल
विषय: उत्तर: उत्तर: टाळ्या, चिंचोके वगैरे

काका, दबकी उडी आम्ही घरी करून पाहिली. खालच्या मजल्यावरच्यांचा फोन आला.

अक्षरांचं पटलं. देवनागरी आकड्यांचं नाही, केतकी. मुंबईला गेलं की बेस्टच्या बसच्या कपाळावर नंबर मराठीत असतो. आजोबांबरोबर बसथांब्यावर उभं राहून ‘आपली बस कुठली’ हे ओळखणं माझ्या पोराला वर्कशीटपेक्षा जास्त शिकवेल. निदान ओळखायला तरी शिकवा, लिहायला नको. तीन पत्ते पालथे, तीन उताणे, जोडी लावायची, एवढंच.

काड्या आणि ट्रे मी आणतो. मदतीला पण येतो.


प्रेषक: सुजाता (शिशुवर्ग)
विषय: रविवार

सगळ्यांचे आभार. वसंतकाका, तुमचा क्रम जसाच्या तसा उचलला आहे. पहिले दोन आठवडे फक्त काका-मामा-नाना-बाबा. कान-नाकाच्या चिठ्ठ्या त्यानंतर.

ताटांत तांदळाची पिठी. मीठ नाही, रवा नाही. मृणाल, उकड नक्की आण. भाड्याच्या खोलीत गालिचा आहे, म्हणून ताटांखाली जुन्या चादरी अंथरू. कुणाकडे असतील तर दोन हव्यात.

आकड्यांचं मधलं गाठते: १, २, ३ ओळखायचे, पत्त्यांवर, निखिल म्हणतोय तसे. त्यापुढे नाही आणि लिहायचं काहीच नाही. केतकी, तुझं तोंड वाकडं झालेलं मला इथून दिसतंय.

शेवटची दहा मिनिटं मात्र माझी. भोंडल्यात खिरापत ओळखतात तसं. डबा बंद, हलवून आवाज ऐकायचा, मग मी पहिलं अक्षर सांगणार. ‘चि’ म्हटलं की चिवडा, चिक्की, काय वाट्टेल ते येऊ दे. चिप्स म्हणणाऱ्यालाही मार्क. डब्यात काय घालायचं ते दर आठवड्याला एका घराने ठरवायचं, शेंगदाणे आणि गहू सोडून. या रविवारी निखिलकडे. डबा आवाज येणारा हवा, श्रीखंड आणू नकोस.

वसंतकाका, दहाला या. चौकोन तुम्हीच आखा. खडू चालत नाही तिथे, मास्किंग टेप मी आणते.

सुजाता