बावीस ट्रॅक एकदम चालवताना आवाज तुटतो: हार्ड डिस्कचे काय करावे?

काळी दोन, सदाशिव पेठ

नमस्कार. आमच्या अभंग गाणाऱ्या गटाचे ध्वनिमुद्रण मी घरच्याच एका खोलीत करते. रस्त्यावरची वर्दळ रात्री साडेदहानंतर कमी होते, त्यामुळे प्रत्यक्ष कामाला रोज दोन तासांपेक्षा अधिक वेळ मिळत नाही आणि एकदा घेतलेले गाणे वाया गेले की सगळ्यांचीच रात्र वाया जाते.

लॅपटॉप सात वर्षांपूर्वीचा, विंडोज १० असलेला आहे. आत १ टीबीची, ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) हार्ड डिस्क असून ती नव्वद टक्के भरलेली आहे. माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा आठ इनपुटचा यूएसबी इंटरफेस आहे आणि ध्वनिमुद्रणासाठी मी रीपर हा प्रोग्रॅम वापरते. सगळे काम २४ बिट व ४८ किलोहर्ट्झवर चालते. पखवाज, पेटी, टाळ आणि तंबोरा यांचे मिळून १४ ट्रॅक तयार आहेत. आता ते हेडफोनवर ऐकत ऐकत कोरसचे आठ आवाज एकाच वेळी घ्यायचे आहेत. पहिली दोन मिनिटे सुरळीत जातात, नंतर मागची वाद्ये तुटक ऐकू येऊ लागतात. इंटरफेसचा बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) १२८ सॅम्पलवरून ५१२ केला, तरी काही फरक पडला नाही. दुकानदार नवा लॅपटॉप घ्यायला सांगतात. तो न घेता केवळ डिस्कच्या बाजूने काही करता येईल का?

मुळाकाठ, औंध

इंटरफेसचा बफर चौपट करूनही फरक पडला नाही, यातच निम्मे निदान आहे. तो बफर इंटरफेस आणि प्रोसेसर यांच्यातल्या देवाणघेवाणीसाठी असतो. डिस्कवरच्या फाइली थोड्या आधीच वाचून ठेवण्याचा बफर वेगळा, आणि रीपरमध्ये तो मीडिया बफर या नावाने मिलिसेकंदांत स्वतंत्र दिलेला आहे. तो आधी वाढवून पाहा. त्यामुळे गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत नाही. फक्त मेमरी थोडी जास्त लागते.

आता हिशेब पाहू. आपल्या मापाने एका मोनो ट्रॅकचे सेकंदाला १,४४,००० बाइट होतात, म्हणजे २२ ट्रॅकचे जेमतेम ३.२ एमबी. जुनी डिस्कसुद्धा एकच मोठी फाइल सलग वाचताना याच्या कितीतरी पट माल देते, त्यामुळे वेग कमी पडतो असे वरवर पाहता वाटणारच नाही. पण बावीस फाइली बावीस ठिकाणी असतात आणि डिस्कचे वाचणारे-लिहिणारे हेड एकाच वेळी एकाच ठिकाणी असू शकते. ५४०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ११.१ मिलिसेकंदांची असते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात, आणि त्याआधी हेड त्या पट्ट्यावर सरकायला लॅपटॉपच्या डिस्कमध्ये साधारण १२. एका हेलपाट्याचे साडेसतरा मिलिसेकंद धरले तर सेकंदाला सुमारे ५७ हेलपाटे होतात. समजा, प्रत्येक हेलपाट्यात ६४ केबीचा तुकडा वाचला किंवा लिहिला, तर आपल्या बावीस ट्रॅकनाच सेकंदाला ४८ हेलपाटे लागतील. उरलेल्या नऊ-एकांत विंडोजने स्वतःचे सगळे काम उरकायचे, आणि ते त्यात कधीच उरकत नाही. तोच तुकडा २५६ केबीचा असेल तर ४८ चे १२ होतात. रीपरच्या प्रगत डिस्क सेटिंगमध्ये हा आकार बदलता येतो.

डिस्क नव्वद टक्के भरलेली असणे हेही कारण आहेच. उरलेली जागा विखुरलेली असते, त्यामुळे नवी फाइलही तुकड्यातुकड्यांत लिहिली जाते. शिवाय शेवटी उरलेली जागा बहुधा तबकडीच्या आतल्या बाजूची असते आणि तिथला वेग बाहेरच्या कडेच्या साधारण निम्मा असतो. दोन-अडीचशे जीबी मोकळे करा आणि मगच डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे एकत्र आणणारी सोय) चालवा.

आज रात्रीच काम करायचे असेल, तर पैसे न लागणारा उपाय असा आहे: चौदा वाद्यांचे एकच स्टीरिओ मिश्रण करून ते नव्या प्रोजेक्टमध्ये घ्या आणि त्यावर कोरस गाऊन घ्या. वाचायच्या चौदा फाइलींची एक फाइल होते. कोरसचे ट्रॅक नंतर मूळ प्रोजेक्टमध्ये त्याच वेळेवर आणून ठेवता येतात.

जुनी फीत, नारायण पेठ

वरील हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र सेटिंग बदलण्याआधी डिस्कची प्रकृती पाहावी, असा माझा आग्रह आहे. क्रिस्टल डिस्क इन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचे) आकडे दिसतात. एखादा खराब सेक्टर डिस्क पुन्हा पुन्हा वाचू लागली की काही सेकंद सगळेच खोळंबते आणि ट्रॅक तुटतात. मी हे आकडे न पाहता महिनाभर बफरशी खेळत बसलो होतो, आणि माझ्या गुरुजींच्या दोन बैठकींचे ध्वनिमुद्रण त्या डिस्कबरोबर गेले ते कायमचेच.

डिस्क निरोगी असली तरी आतमध्ये साधी साटा एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवणे हाच खरा उपाय आहे. तिच्यात फिरणारी तबकडी नसल्यामुळे वरचे हेलपाटेच संपतात. महागड्या, अधिक वेगवान एनव्हीएमई एसएसडीची गरज नाही. स्वस्त एसएसडी लिहिताना मंदावतात हे खरे, पण ते सलग मोठ्या फाइली कॉपी करताना. सेकंदाला दोन-तीन एमबीच्या कामात तो फरक जाणवणारही नाही. एसएसडीवर डीफ्रॅग चालवू नका. जुनी डिस्क यूएसबी ३.० च्या कॅडीत (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून केवळ प्रतींसाठी ठेवा, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना ती इंटरफेसच्याच हबवर जोडू नका.

प्रोजेक्टचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून आणि विंडोजच्या शोध-सूचीतून वगळा. इंटरनेटवर (क्लाउडवर) प्रत पाठवणारे प्रोग्रॅमही तेवढ्या वेळापुरते थांबवा, कारण वाढत जाणारी प्रत्येक फाइल ते पुन्हा वाचायला धावतात.

काळी दोन, सदाशिव पेठ

दोघांचेही मनापासून आभार. डिस्कचे आकडे निर्दोष निघाले. त्याच रात्री स्टीरिओ मिश्रणावर कोरस घेतला आणि सात मिनिटांचा अभंग एकदाही न अडखळता पूर्ण झाला. शनिवारी तपकीर गल्लीतून ५०० जीबीची एसएसडी आणली. आता सगळे बावीस ट्रॅक मूळ प्रोजेक्टमध्येच चालतात.

एक शंका उरली आहे. दुसऱ्या अंतऱ्यात एका आवाजावर बारीकशी खट ऐकू येते आणि ती प्रत्येक वेळी त्याच जागी येते. हीसुद्धा डिस्कचीच चूक असेल का?

मुळाकाठ, औंध

तो ट्रॅक मोठा करून तरंगाकृती पाहा. दर वेळी त्याच जागी येणारी खट फाइलमध्येच नोंदली गेलेली असते. डिस्कवरून वाचण्यातला दोष असता तर तिची जागा बदलत राहिली असती. म्हणजे ती ध्वनिमुद्रणाच्या क्षणीच आत आली आहे. ड्रायव्हरमुळे होणारा विलंब मोजणारा लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम पंधरा मिनिटे चालू ठेवा, आधी वायफाय चालू ठेवून आणि मग बंद करून. वायफायचा ड्रायव्हर हे अशा खटीचे नेहमीचे कारण असते. तसे निघाले तर घेताना वायफाय बंद ठेवा, आणि तेवढी ओळ त्या एका आवाजाकडून पुन्हा गाऊन घ्या.