चालवत आणण्याआधी टायरची तारीख बघा

नुकतीच घेतलेली जुनी कन्व्हर्टिबल (कापडी, उघडता येणाऱ्या छताची गाडी) एवढ्या लांबून चालवतच आणायची म्हणताय, हौस समजू शकतो, पण आधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड बघा, 2314 असेल तर 2014 सालचा 23वा आठवडा, म्हणजे नक्षी कितीही छान दिसू दे, त्या टायरवर हायवेला जाऊच नका. बराच काळ नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी होजपण (नळ्या) कडक होतात. मी तर ट्रकनेच मागवेन, तेही बंद कंटेनरमधूनच, कारण उघड्या ट्रेलरवर कापडी हूडमध्ये, म्हणजे छतात, वारा शिरून शिवण उसवू शकते, त्यात गाडी उलट्या तोंडाने, म्हणजे मागची बाजू पुढे करून, चढवली असेल तर बघायलाच नको. गाडी जखडायचे पट्टे चाकांनाच बांधायला सांगा, आणि चढवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, मागच्या प्लास्टिकच्या खिडकीचा तर जवळून.