मदत हवी आहे: जुनं घेतलेलं एअर पिस्तूल रेंजवर तपासायचं कसं? (पुणे)

नमस्कार मंडळी,

मुलगी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. आतापर्यंत क्लबचंच पिस्तूल वापरायची. यंदा स्टेटला उतरायचं म्हणून खेळ सोडलेल्या एका सीनियरकडून वापरलेलं घेतलं. ४.५ मिमीचं, प्रीचार्ज्ड (आधीच दाबाने हवा भरून ठेवायच्या) सिलिंडरवालं, बाहेरच्या देशातलं. नवं घ्यायचं तर खर्च लाखांच्या घरात, म्हणून हा मार्ग.

आता गंमत अशी की क्लबच्या जुनाट पिस्तुलावर नऊ-दहा लावणारी पोरगी या भारी पिस्तुलावर मधूनच सात मारते. ते सात बहुतेक डावीकडे खाली. शिवाय थोडं थांबून मारलं की पहिला छर्रा वर जातो म्हणते. तिचे सर म्हणतात हात बसू दे. विकणारा म्हणतो माझ्याकडे एक नंबर चालायचं. नवरा म्हणतो रेग्युलेटर (दर छर्ऱ्याला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) गेलाय, कारण त्याने यूट्यूबवर बघितलंय.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. एवढं दिसतंय की सिलिंडरवर २०१४ कोरलंय आणि ट्रिगर इतका हलका आहे की बोट टेकवायला भीती वाटते. दोष पिस्तुलाचा की हाताचा, हे ठरवायला रेंजवर काय करून बघायचं? वापरायला सुरक्षित आहे हे कसं कळणार? बालेवाडीच्या शूटिंग रेंजला न्यावं लागेल की क्लबात होईल?

---

दहाचा ठिपका

ताई, आधी सिलिंडर. २०१४ चा असेल तर आजपासून तो भरायचा नाही. त्यात २०० बार हवा असते, म्हणजे स्कूटरच्या चाकात असते तिच्या शंभरपट. सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात, स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला (साधनांच्या तपासणीला) तारीख बघतात आणि जबाबदारी खेळाडूची असते. बाकीची तपासणी नवा सिलिंडर लावूनच करा.

मग ट्रिगर. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम लागतात. क्लबात टेस्टचं वजन असेलच. पिस्तूल कॉक करायचं (झाडायला तयार स्थितीत आणायचं), छर्रा घालायचा नाही, पण हवा चालू हवी. नळी सरळ वर धरून ट्रिगरला वजन अडकवायचं आणि टेबलावरून सावकाश उचलायचं. वजन उचललं गेलं तर पास, घोडा सुटला तर नापास. स्पर्धेत तीनदा संधी देतात. मॅच झाल्यावरही कुणालाही बोलावून तपासतात आणि तेव्हा नापास झालं तर सगळ्या मॅचवर पाणी. क्लबात वजन नसेल तर तुळशीबागेतून अर्ध्या किलोचं माप आणा, पण हुकासकट ५०० भरायला हवं.

त्याच वेळी आणखी एक बघा. रिकामं पिस्तूल कॉक करून, नळी टार्गेटकडे ठेवून, मुठीवर तळव्याने दोन-चार चापट्या मारायच्या. घोडा आपोआप सुटला तर त्या दिवशी पिस्तूल पेटीत.

हात की पिस्तूल याचा निकाल व्हाइसवर, म्हणजे वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंजावर लागतो. ग्रिप काढून फ्रेम व्हाइसमध्ये पकडायची, जबड्यांना रबर किंवा चामडं लावून. नळी किंवा सिलिंडर पकडायचा नाही. एकाच डब्यातले पाच-पाच छर्रे मारून तीन-चार ग्रुप काढा. भोकांच्या बाहेरच्या कडा मोजून त्यातून ४.५ मिमी वजा केले की ग्रुपचा आकार मिळतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. धड पिस्तूल व्हाइसवर एकच फाटकं भोक पाडतं, ते दहाच्या आत आरामात बसतं. बसलं तर पिस्तूल निर्दोष. नाही बसलं तर आधी छर्रे बदला. ४.४९ आणि ४.५० असे डोक्याचे वेगवेगळे माप मिळतात आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी.

आता साहेबांच्या रेग्युलेटरबद्दल. क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर जरूर लावा. थांबून मारलेल्या पहिल्या छर्ऱ्याचा वेग बाकीच्यांपेक्षा जास्त आला, तर रेग्युलेटर हळूहळू दाब चढवतोय. पण हिशेब करा. सेकंदाला १५० मीटर वेगाने छर्रा दहा मीटरवर साधारण २२ मिमी खाली येतो, १६० ने १९ मिमी. फरक फक्त तीन मिमी. टार्गेटवर एकेक रिंग ८ मिमी रुंद आहे. म्हणजे रेग्युलेटर दहाचा नऊ करेल, सात करणार नाही. उजव्या हाताच्या खेळाडूचे सात डावीकडे खाली जातात तेव्हा बहुतेकदा बोट ट्रिगरला झटका देत असतं.

---

नळी फुंकली सोनारे

वरच्या प्रतिसादाला +१. हवा कुठून भरता? हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यातली पुण्याची दमट हवा थेट रेग्युलेटरमध्ये जाते. पंपाला ड्राय फिल्टर लावा नाहीतर स्कूबा सिलिंडरवरून भरा. ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी सुचवला तर त्या माणसाला नमस्कार करून निघा. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की भडका. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस, तेही नखभर.

गळती बघायची सोपी रीत: रात्री मॅनोमीटर (सिलिंडरवरचा दाबाचा काटा) वाचून ठेवा, सकाळी परत वाचा. एकदा सिलिंडर पिस्तुलाला लावून, एकदा काढून. लावल्यावरच काटा उतरत असेल तर पिस्तुलातलं सील.

---

कर्वे रोडचा भोज्या

मूर्ख प्रश्न असेल, पण याला लायसन्स नको का? घरात ठेवलेलं चालतं?

---

दहाचा ठिपका

@भोज्या, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतचं आणि २० जूलच्या आतलं एअर पिस्तूल लायसन्सच्या भानगडीत येत नाही. अर्धा ग्रॅमचा छर्रा १५० च्या वेगाने म्हणजे साडेपाच जूलच्या आसपास. तरी डोळा जायला तेवढे पुरेत. ने-आण बंद पेटीतच, नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालून. फायरिंग लाइनवरही आपली पाळी येईपर्यंत फ्लॅग आतच.

आणि ताई, 'नवं घेतलंय, आता काय होणार' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २०२१ साली टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. ती ५७५ वर थांबली आणि फायनल दोन गुणांनी हुकली. तिथे कमी प्रतीचं पिस्तूल नव्हतं.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बालेवाडीला जावं लागलं नाही, क्लबातच व्हाइस होता, कोपऱ्यात धूळ खात. सरांनी स्वतः लावून दिला. क्लबचा सिलिंडर बसला. ग्रुप सगळे दहाच्या आत, एका डब्यातल्या छर्ऱ्यांचे तर एकावर एक. ट्रिगर मात्र तिन्ही वेळा नापास. वजन टेबलावरून जेमतेम हललं की सुटायचा. चापट्यांना सुटला नाही, एवढं नशीब. क्रोनोग्राफ कुणाकडे नव्हता.

सर लगेच स्क्रू फिरवायला निघाले होते, मी थांबवलं. बरोबर केलं ना? आणि जुन्या सिलिंडरचं काय करू, भंगारात देऊ?

---

दहाचा ठिपका

स्क्रू फिरवायला हरकत नाही, मॅन्युअल समोर ठेवून आणि एका वेळी पाव फेरा. आधी दुसऱ्या टप्प्याचं, म्हणजे ट्रिगर सुटायच्या आधी बोटाला अडतो तिथलं वजन वाढवा. नेमके ५०० ठेवू नका, थोडं वर ठेवा, मॅचच्या दिवशी जीव टांगणीला नको. सेटिंग झालं की वजनाची आणि चापटीची टेस्ट पुन्हा पहिल्यापासून. मुलीला आठवडाभर कोऱ्या कागदावर मारायला लावा, काळा ठिपका नसलेल्या. बोट काय करतंय ते तिचं तिलाच कळेल.

सिलिंडर भरलेला भंगारवाल्याला अजिबात देऊ नका. पिस्तुलाबरोबर हवा सोडायचं अडॅप्टर आलं असेल, त्याने सगळी हवा सोडा आणि नवा सिलिंडर घ्याल त्या विक्रेत्याकडे जमा करा. निकामी करायचं काम त्यांचं. दुकानात जाताना जुना घेऊनच जा, थ्रेड जुळवून बघता येईल.