वर्गातील डिजिटल फळ्यासाठी मोफत सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

प्रश्न (खानापूर तालुका):
आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत प्रोजेक्टर आणि विंडोजचा लॅपटॉप आहे. स्पर्शाने चालणारा फळा नाही. आठवीचे गणित शिकवताना कर्नाटकच्या पाठ्यपुस्तकाच्या पीडीएफ पानावरच लिहिता यावे, कंपासपट्टीने आकृत्या काढता याव्यात आणि तासाचे लेखन जपून ठेवता यावे, एवढीच अपेक्षा आहे. पावसाळ्यात जांबोटीकडच्या भागात इंटरनेटचा भरवसा नसतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निपाणी):
सर, ओपनबोर्ड वापरून पाहावे. त्याचा उगम स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाच्या एका प्रकल्पात असून पुढे जिनिव्हा प्रांताच्या शिक्षण विभागाने ते वाढवले. ते मुक्त स्रोत असल्यामुळे परवान्याचा खर्च नाही, आणि एकदा बसवले की इंटरनेटशिवाय चालते. पीडीएफ आत घेतल्यावर तिचे प्रत्येक पान फळ्याचे पान होते. त्यावर पट्टी, कोनमापक आणि कंपास फिरवता येतात, उत्तर पडद्याने झाकून हळूहळू उघडता येते. प्रोजेक्टर दुसरा पडदा म्हणून जोडल्यास मुलांना फक्त फळा दिसतो, साधनांची गर्दी आपल्याच लॅपटॉपवर राहते. माझ्या मते वर्गात याचाच उपयोग सर्वांत जास्त होतो. फाइल ओपनबोर्डच्या स्वतःच्या यूबीझेड प्रकारात साठते, ती इतर साध्या प्रोग्रामांत उघडत नाही, म्हणून मुलांना द्यायची प्रत पीडीएफ करूनच द्यावी.

उत्तर (बेळगाव):
वरील मताशी सहमत आहे. मात्र लॅपटॉप जुना असेल आणि केवळ पीडीएफवर लिहायचे असेल, तर झोर्नल++ हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर अधिक हलके पडते. उंदराने अक्षर वळणदार येत नाही, म्हणून यूएसबीने जोडायची साधी पेन टॅब्लेट (पेनाने लिहायची पाटी) जरूर घ्यावी. सर्वस्वी ऑनलाइन साधनावर मात्र विसंबू नये: गुगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा त्यावरील पाने आधीच उतरवून ठेवावी लागली.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. आमच्या कन्नडच्या बाईही हाच लॅपटॉप वापरतात. ओपनबोर्डमध्ये टंकलेला कन्नड मजकूर नीट दिसेल का?

उत्तर (निपाणी):
विंडोजमधील निर्मला यूआय या टंकात (फॉन्टमध्ये) देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या आहेत. मजकूर युनिकोडमध्येच (सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय अक्षरसंकेतात) टंकावा आणि हा टंक निवडावा. भाषेनुसार कळफलक बदलण्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये दोन्ही भाषा आधी जोडून ठेवाव्यात.