माइटला मराठीत काय म्हणायचं? (कोळी नको)

सुरुबन, दापोली
एका प्राणीगृहातल्या कर्मचाऱ्यांसाठी सूचना मराठीत लिहून देते आहे. पांढऱ्या उंदरांना माइट्स (केसांत राहणारे आठ पायांचे बारीक जीव) झाले तर आयव्हरमेक्टिन हे औषध कसं द्यायचं, हा विषय. नारळावरच्या इरिओफाइड माइटला आपले बागायतदार कोळीच म्हणतात आणि औषधाला कोळीनाशक, म्हणून मीही तेच लिहिलं. मसुदा वाचणारी मुलगी हर्णैची, कोळीवाड्यातली. त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, हे भिंतीवर लावणार?" मला फार लागलं ते. दुसरा शब्द सुचवा.

खाडीकाठ
गोचीड लिहा. सगळ्यांना कळतं.

पशुवैद्य, रत्नागिरी
गोचीड नको. 2016 साली दोडामार्गात गोचिडांमुळे पसरणारा माकडताप आला तेव्हापासून गोचीड म्हटलं की सिंधुदुर्गात माणसं धसकतात. आणि गोचीड डोळ्यांना दिसतो. उंदरावरचा माइट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. पाठीच्या केसांवर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, ती काचपट्टीवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, तेव्हा केसाला मिठी मारून बसलेला दिसतो.

शुद्धमराठी
सूक्ष्म अष्टपाद. औषध अष्टपादनाशक. पाय आठ असल्याने कीटकनाशक हा शब्द चूकच.

खाडीकाठ
पिंजरे धुणारा माणूस अष्टपाद वाचून काय करणार? बाकी कोळी शब्दात वाईट काय आहे? जाळं विणतो तो कोळी, जाळं टाकतो तोही कोळी. शब्द एकच.

सुरुबन, दापोली
व्युत्पत्ती काहीही असो. त्याला 'नाशक' जोडलं की त्या मुलीला काय वाचावं लागतं ते बघा ना.

मालवणची लेक
माणसाची खरूजही माइटचीच. संस्कृत खर्जू, त्यावरून खरूज. मग 'उंदरांची खरूज' का नको? लहानपणी आमच्याकडे गंधक खोबरेलात कालवून लावत, आणि खाज एकाला असली तरी घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. एक जरी सुटला तर पुन्हा सगळं घर खाजवणार, असं आजी म्हणायची.

पशुवैद्य, रत्नागिरी
आजींचं तंतोतंत खरं. पिंजऱ्यांचंही तेच, खोलीतल्या सगळ्यांना एकदम औषध आणि भुसा बदलायचा. पण खरजेचा माइट कातडीत बिळं करतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर नेहमी सापडणारे मायोबिया आणि मायोकॉप्टिस केसांत, कातडीच्या वरवर राहतात. म्हणून खरूज नको.

माझी खरी विनंती वेगळी आहे. आयव्हरमेक्टिनला 'जंताचं औषध' लिहू नका. मी पूर्वी होतो तिथे पाटीवर तसंच लिहिलं होतं. जंताचं औषध एकदा दिलं की झालं, अशी सगळ्यांची समजूत, म्हणून एकच डोस दिला गेला. काही आठवड्यांत उंदरांनी माना खाजवून खाजवून सोलून काढल्या. अंड्यांवर हे औषध चालत नाही. ती केसाच्या बुडाशी लिखांसारखी चिकटलेली असतात, आठवडाभरात फुटतात. डोस पुन्हा द्यावाच लागतो.

शुद्धमराठी
पण औषधाच्या नावातच 'वर्म' आहे, लॅटिनमधला जंत! मातीतल्या ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याच्याही नावात आहे. शोधाला 2015 चं नोबेल मिळालं. मग जंतनाशक चूक कसं?

पशुवैद्य, रत्नागिरी
नावात असेल. पाटी वाचणाऱ्याच्या हातात सिरिंज आहे. आणि ताई, एक ओळ ठळक लिहा: काही जनुकबदल केलेल्या उंदरांत हे औषध मेंदूत जाण्यापासून अडवणारं प्रथिन नसतं. ते कापू लागतात, मरतात. वाण पाहिल्याशिवाय द्यायचं नाही.

सुरुबन, दापोली
लिहिते, डोसाचंही. सध्या 'केसांतला बारीक किडा, म्हणजे माइट' असं केलंय. अंड्यांना लिखा म्हटलं तर चालेल?

शुद्धमराठी
किडा सहा पायांचा. आणि लीख फक्त उवेची.

मालवणची लेक
आमच्याकडे कोंबडीच्या पिसांतल्या अंड्यांनाही लिखाच म्हणतात. तुमच्याकडे नाही म्हणत?