ऊसतोडीवरून परत आलेली लेकरं शाळेत टिकावीत म्हणून श्वासाचे, भावनांचे तास खरंच कामाला येतात का?

बालाघाट_गुरुजी (बीड)

नमस्कार मंडळी. मी डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर सहावी-सातवीला शिकवतो. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मं गाव कारखान्यावर जातं, कोण सांगली-कोल्हापूरकडं तर कोण पार कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलमधे फड संपले की माघारी येतं. जी लेकरं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात त्यांचं कसंबसं निभतं. माझा प्रश्न आईबापासोबत जाऊन परत आलेल्या लेकरांचा आहे.

पटावर यांची नावं असतात. आल्यावर थोडे दिवस येतात बी. मग आज नाही, उद्या नाही असं करत करत जूनमधे शाळा उघडली की दिसतच नाहीत. घरी गेलो की एकच उत्तर, "सर, करमंना त्याला शाळंत". मला वाटतं अभ्यास मागं पडलाय यापेक्षा त्याची लाज जास्त वाटायली त्यांना. सातवीतलं एक पोरगं आहे, हातावर कोयत्याची जुनी खूण, मोळ्या उचलून खांदे भरलेले, त्याला धडा वाचायला सांगितलं की पुस्तक तोंडापुढं धरतं आणि पानाचा कोपरा नखानं कुरतडत उभं राहतं. मागून कोणी फिस्सकन हसलं की थेट अंगावर धावून जातं. परवा बाकाला लाथ घालून दप्तर उचललं आन् निघून गेलं. असं भर वर्गातून गेलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं येणार, तिथंच शाळा सुटते त्याची.

आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत एक मॅडम सांगायल्या होत्या की परिपाठानंतर पाच मिनिटं श्वासावर लक्ष, स्वतःच्या भावना ओळखणं, राग आला की काय करायचं असं रोज घ्या, मुलं टिकतात. मित्र उपक्रमातलं आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडं लक्ष ठेवणं, आमच्याकडं आधीपासून आहे पण ते "डोळे मिटा, गप बसा" एवढ्यावरच आलंय. कोणी मनापासून हे केलंय का? फोटो काढून ग्रुपवर टाकायपुरतं नको, खरंच लेकरू परत यायला लागलं असं काही असेल तर सांगा.

---

माजलगावकर

गुरुजी, तुमची तळमळ कळते पण मी स्पष्टच बोलतो. उचल घेतली मुकादमाकडून, ती फिटेस्तोवर जोडीला फडात राहावंच लागतं, एक नवरा एक बायको म्हणजे एक कोयता. मागं लेकराला बघायला कोणी नसलं तर ते गाडीत बसणारच, तिथं लहान भावंडं सांभाळणार, वाढं म्हणजे उसाचे शेंडे गोळा करणार, कोपीवर म्हणजे झोपडीवर पाणी भरणार. त्याला श्वास शिकवून काय होणार? दिवाळीआधी वसतिगृहाची मंजुरी आली तर लेकरू थांबतं, टोळी निघून गेल्यावर आली तर काय उपयोग. आधी ते बघा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, याद्या, हे सप्टेंबरातच झालं पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे मला भीती वाटते की उद्या वरचे लोक म्हणतील पोरगं गळालं कारण त्याला भावना हाताळता येत नव्हत्या. म्हणजे दोष पुन्हा लेकराचाच.

---

समुपदेशक_लातूर

माजलगावकर दादांचा मुद्दा सोळा आणे खरा आहे आणि माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी तो आधी ऐकून घ्यायला पाहिजे. तरी गुरुजींनी जी घटना सांगितली, बाकाला लाथ मारून जाणारं पोरगं, ते गावात परत आलेलं आहे, शाळेत आलेलं आहे, आणि तरी निघून चाललंय. हे वसतिगृहानं सुटणार नाही.

आता कामाला येतं का, तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या लोक एकत्र करतात. नुसतं माइंडफुलनेस, म्हणजे सगळ्या वर्गाला बसवून श्वास बघा, याची ब्रिटनमधे फार मोठी चाचणी झाली, 11 ते 14 वयाची 8 हजाराच्या वर मुलं होती, 2022 मधे निकाल आले, आणि नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. याउलट भावना ओळखणं, राग आवरणं, भांडण मिटवणं, मदत मागणं अशी कौशल्यं शिकवणाऱ्या 213 कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास 2011 मधे छापून आला, त्यात 2 लाख 70 हजार विद्यार्थी होते, आणि तिथं वागणुकीतही फरक दिसला आणि अभ्यासातही, साधारण शंभरात मधोमध असलेला विद्यार्थी अकरा जागा वर जाईल एवढा. विशेष म्हणजे बाहेरून तज्ज्ञ न आणता वर्गाच्या नेहमीच्या शिक्षकानं घेतलं तरी चाललं. ही मुलं बाहेरच्या देशांतली जास्त होती, ऊसतोडीची नव्हती, हे लक्षात ठेवूनच घ्यायचं.

म्हणून माझं म्हणणं असं की श्वास सोडून देऊ नका पण त्याच्याकडून जेवढं होतं तेवढंच मागा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, त्यामुळं सोडणं लांबवलं की भडकलेलं अंग थोडं खाली येतं. हे राग आलेल्या क्षणी उपयोगी, पण ते शांत असताना खेळासारखं आधी करून ठेवलेलं पाहिजे, भडकल्यावर शिकवायला गेलात तर अजून भडकेल. डोळे मिटायची सक्ती अजिबात नको. ज्या लेकरानं काही वाईट बघितलंय, भोगलंय त्याला डोळे मिटून आत बघ म्हणलं तर ते घाबरू शकतं. डोळे उघडे ठेवून जमिनीकडं बघू दे, पायाचा तळवा जमिनीला टेकलेला जाणवतो का ते बघू दे, बाहेर कोणते आवाज येतात ते मोजू दे. पाच मिनिटं पण लागत नाहीत.

आणि त्या पोरासाठी वर्गातून बाहेर पडायचा एक रस्ता ठरवून द्या. त्याच्याशी एकट्याशी बोलून, "डोकं गरम झालं तर माझ्या टेबलावरचा डस्टर उचलायचा आणि हापशावर जाऊन तोंड धुऊन यायचं, मी काही विचारणार नाही". म्हणजे बाहेर जाणं हे पळून जाणं राहत नाही, आणि परत येणं आधीच ठरलेलं असतं. माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच करतं. आणि हसणाऱ्या मुलांसोबत पण काम करा ना, भावनिक कौशल्य फक्त रागावणाऱ्यालाच शिकवायचं असतं असं कुठंय.

अजून एक, त्याला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला सध्या लावूच नका. आधी तिसरी-चौथीच्या पातळीचं एकट्यानं, मग जोडीत.

---

धारूरची_लेक (सध्या छत्रपती संभाजीनगर)

मी सहसा इथं लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. माझे आईबाबा ऊसतोड कामगार, मी सहावीपर्यंत त्यांच्यासोबत फडावर जायचे. आता नर्सिंग करून नोकरीला आहे.

मी शाळेत टिकले त्याला कारण आमच्या एक बाई. फडावर बाबांना लिहिता येत नव्हतं म्हणून रोजच्या टायरगाडीच्या खेपा, किती टन भरले, उचलीतले किती फिटले हे सगळं मी एका वहीत लिहायचे, कोपीत चिमणीच्या उजेडात, मुकादमाच्या हिशोबाशी ताळा करायला. पाडव्याच्या सुमारास परत आलो तेव्हा माझ्याकडं शाळेची एक पण वही भरलेली नव्हती, हीच तेवढी होती. बाईंनी ती बघितली, पान पान उलटून बघितली, आणि विचारलं "हा वजा केलेला आकडा कशाचा गं?" मी सांगायला लागले तर म्हणल्या फळ्यावर ये आन् सगळ्यांना सांग. तोपर्यंत वर्गात मला "ऊसवाली" म्हणायचे. त्या दिवशी पोरं गणित विचारायला लागली मला. गणित बरं होतं, वाचन अगदीच कच्चं होतं, पण वाचन कच्चं आहे हे सांगायची मग लाज गेली.

बाईंनी आम्हाला ध्यान वगैरे काही शिकवलं नाही. पण आम्ही जाताना त्या प्रत्येकाला विचारून घ्यायच्या कुठल्या कारखान्यावर चाललात, आणि मधून बाबांच्या फोनवर फोन करायच्या, नुसतं "जेवलीस का, काय चाललंय" एवढंच. एकदा म्हणल्या तुझी जागा खिडकीपाशीच आहे, कोणाला बसू दिलं नाही. गुरुजी, लेकराला आपली कोणी वाट बघायलंय हे कळलं ना की ते येतं. तुमच्या त्या पोराला फडावरचं काय येतं ते विचारा. बैल सांभाळता येत असतील, गाडी भरायचा अंदाज असेल. ते वर्गात यायला पाहिजे.

---

माजलगावकर

ताई, वाचून डोळे भरून आले. फोनचं मात्र कोणालाही जमण्यासारखं आहे, त्याला ना निधी लागतो ना मंजुरी. जाणाऱ्या लेकरांना शिक्षण हमी कार्ड द्यायची सोय पण आहे, तिथल्या जवळच्या शाळेनं त्या कार्डावर बसवून घ्यायचं असतं. फोन करताना तेही विचारता येईल की तिकडं शाळेत जातंय का.

---

बालाघाट_गुरुजी

सगळ्यांचे मनापासून आभार. डस्टरचं उद्याच त्याच्याशी बोलतो, आणि हसणाऱ्यांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. धारूरच्या ताई, गाडी भरायच्या अंदाजावरून घनफळाचा पाठ घेता येईल असं वाटायलंय, पोराला बोलतं करून बघतो आधी.

एक अजून विचारायचं होतं. सातवीतलीच एक मुलगी परत आल्यापासून एकदम गप झालीय. मैत्रिणीला म्हणाली की या उन्हाळ्यात माझं उरकायचं चाललंय. घरच्यांशी बोलू का? बोललो आणि त्यांनी शाळाच बंद केली तर?

---

समुपदेशक_लातूर

गुरुजी, इथं श्वास-बिवास काही नाही, इथं कायदा आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 चा, मुलगी अठराच्या आत असली की गुन्हा. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइन 1098 ला फोन करा, तो चोवीस तास चालू असतो, फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. लग्नाची तारीख ठरायची वाट बघू नका.

पण त्याच्याआधी मुलीशी बोला, आणि शक्यतो शाळेतल्या बाईंनी बोलावं, नसतील तर अंगणवाडीच्या नाहीतर आशाताई. "लग्न ठरलंय का" असं थेट नको. "तू गप गप दिसतीस, काही सांगावंसं वाटलं तर मी दुपारच्या सुट्टीत इथं बसलेली असते" एवढं म्हणायचं आणि खरंच रोज बसायचं. कोणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येणार नाही. तिला सांगा की तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला कळवूनच. तिला स्वतः कोणाशी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

घरी जाल तेव्हा एकटे जाऊ नका. समितीवरच्या एखाद्या आईला सोबत घ्या, आणि आठवीची शाळा लांब असेल तर एसटीचा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळणारी सायकल याची माहिती घेऊनच जा. बऱ्याच घरात "पोरगी रोज एवढ्या लांब कशी जाणार" हीच काळजी लग्नाच्या मागं असते, तिचं उत्तर हातात असलं की बोलणं पुढं सरकतं. ग्रामसेवकांच्या कानावर मात्र ही भेट व्हायच्या आधीच घाला.